कंपनीच्या हजेरीपटावरचा क्लब

अमेरिकेत फुटबॉल रुजला नाही, कारण तो अमेरिकी माणसाच्या स्वभावाला कधी मानवलाच नाही, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम या पोलादनगरीत १९०७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९३० मध्ये बंद पडलेल्या एका क्लबचा इतिहास मात्र या विधानाला चांगलाच अडचणीचा ठरतो. या क्लबने अमेरिकेची राष्ट्रीय चषक स्पर्धा पाच वेळा जिंकली. त्याची बरोबरी पुढे लॉस एंजेलिसच्या मकाबी क्लबने केली, पण तो विक्रम आजवर कोणीही मोडलेला नाही. एका हंगामात ६७ गोल करणारा आघाडीचा खेळाडू या क्लबने बाळगला, आपला संघ युरोपच्या दौऱ्यावर नेला, स्कॉटलंडच्या मैदानांवरून खेळाडू ओढून आणले आणि मग, स्पर्धात्मक दृष्ट्या अजून सशक्त असताना, तो मुळातूनच नाहीसा झाला. अशा क्लबच्या अंताचे कारण लोकांच्या नावडीत शोधण्यापेक्षा तो कोणाच्या मालकीचा होता आणि कोणाच्या गरजेपोटी चालत होता, या प्रश्नात शोधणे अधिक फलदायी आहे. तसा शोध घेतल्यास एक काहीसा विचित्र निष्कर्ष हाती येतो: ज्या औदार्याने या क्लबला मोठे केले, त्याच औदार्याने त्याला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वेळ येऊ दिली नाही.

क्लबचे स्वरूप समजून घेण्यासाठी निमव्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करावे लागते. केवळ आवडीपोटी, मोबदला न घेता खेळतो तो हौशी, आणि खेळ हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन असते तो व्यावसायिक. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असा खेळाडू असतो, ज्याला खेळासाठी पैसे मिळतात, परंतु घर चालते ते प्रामुख्याने दुसऱ्या एखाद्या नोकरीवर. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेच्या ईशान्य भागातील फुटबॉल बहुतांशी याच मधल्या अवस्थेत होता. कापडगिरणी, जहाजबांधणीचा कारखाना किंवा पोलादाची भट्टी येथे नोकरी, आणि शनिवारी दुपारी सामना, त्याचे वेगळे पैसे, असा तो व्यवहार होता. बेथलेहेमच्या संघाने १९१४च्या सुमारास उघडपणे व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला हे खरे. तरीही खेळाडूंना कारखान्यात काम देण्याची पद्धत सुटली नाही. त्यामुळे खेळाडूचा करार आणि कामगाराची नेमणूक या दोन्ही गोष्टी एकाच मालकाच्या हातात राहिल्या. ही व्यवस्था खेळाडूला सुरक्षित वाटते, आणि पुष्कळदा ती असतेही; मात्र तिच्यात क्लब ही स्वतंत्र संस्था न उरता कारखान्याच्या अनेक खात्यांपैकी एक खाते बनतो.

हा कारखाना साधासुधा नव्हता. १७४१ मध्ये मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती वसाहतकारांनी लिहाय नदीकाठी वसवलेल्या बेथलेहेमचा दक्षिण भाग एकोणिसाव्या शतकात लोखंड-पोलादाच्या उद्योगाने व्यापला गेला. युनायटेड स्टेट्स स्टील या महाकाय कंपनीचे पहिले अध्यक्ष राहिलेले चार्ल्स श्वाब यांनी तेथून बाहेर पडल्यावर १९०४ मध्ये बेथलेहेम स्टील कॉर्पोरेशनची स्थापना केली आणि दशकभरात तिला देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या पोलाद कंपनीच्या पदाकडे नेले. या वाढीची किंमत कामगार मोजत होते. फेब्रुवारी १९१० मध्ये जादा तासांच्या आणि रविवारच्या सक्तीच्या कामाविरुद्ध यंत्रशाळेतील कामगारांनी सुरू केलेला संप शंभराहून अधिक दिवस चालला. राज्य पोलिसांच्या गोळीने एक हंगेरियन कामगार मारला गेला, आणि संघराज्य सरकारने केलेल्या चौकशीत असे उघड झाले की कारखान्यातील निम्म्याच्या आसपास माणसे दिवसाला बारा तास राबत होती, त्यांतील कित्येक आठवड्याचे सातही दिवस. कामगारांनी संघटित होऊ नये आणि तरीही ते समाधानी राहावेत, यासाठी त्या काळातील अमेरिकी उद्योगपतींनी घरे, दवाखाने, वाद्यवृंद आणि क्रीडासंघ यांवर खर्च करण्याचे जे धोरण अवलंबले, त्याला इतिहासकार कल्याणकारी भांडवलशाही असे नाव देतात. बेथलेहेमच्या फुटबॉल क्लबला कंपनीने १९१० च्या संपानंतरच्या वर्षांतच जवळ केले, ही गोष्ट निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. अर्थात प्रत्येक गोलामागे मालकाचा कावा शोधणे हाही अतिरेकच ठरेल. कंपनीच्या अधिकाऱ्यांत स्वतः ब्रिटनमधून आलेली, तरुणपणी हा खेळ खेळलेली माणसे होती आणि त्यांचे खेळावरचे प्रेम खोटे नव्हते.

प्रारंभी हा संघ अगदीच सामान्य होता. नोव्हेंबर १९०७ मध्ये न्यू जर्सीच्या वेस्ट हडसन संघाविरुद्ध खेळलेल्या पहिल्या सामन्यात तो २-११ असा हरला. तेथून सात वर्षांत, कंपनीचे नाव आणि कंपनीचा पैसा पाठीशी येताच, चित्र पालटले. १९१४ मध्ये त्याने अमेरिकन कप ही जुनी बाद फेरीची स्पर्धा जिंकली. १९१५ मध्ये ब्रुकलिन सेल्टिकला ३-१ असे हरवून नॅशनल चॅलेंज कप, म्हणजे आज यूएस ओपन कप या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्यांदा आपल्याकडे आणली. पुढे १९१६, १९१८ आणि १९१९ मध्येही ती जिंकली. मधल्या १९१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हर रोव्हर्सकडून एका गोलाने पराभव झाला, तेवढाच काय तो खंड.

युद्धकाळाने या यशाला हातभार लावला. पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि त्याच्या मित्रराष्ट्रांना तोफा, दारूगोळा आणि पाणबुड्या पुरवणाऱ्या बेथलेहेम स्टीलची भरभराट झाली. १९१८ मध्ये अमेरिकी सरकारने काढलेल्या हुकुमानुसार लष्करी वयाच्या पुरुषांना युद्धोपयोगी काम स्वीकारणे किंवा सैन्यात जाणे यांपैकी एक पर्याय निवडावा लागला, तेव्हा पोलाद आणि जहाज कारखान्यांतील नोकरी एकाएकी मौल्यवान ठरली. याचा सर्वांत ठळक परिणाम बेसबॉलमध्ये दिसला: कंपनीच्या निरनिराळ्या कारखान्यांमध्ये चालणाऱ्या स्टील लीगमध्ये राष्ट्रीय कीर्तीचे खेळाडू येऊन दाखल झाले आणि शूलेस जो जॅक्सनसारखा फलंदाज विल्मिंग्टनच्या जहाज कारखान्यात कामगार म्हणून नोंदला गेला, त्यावर वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. फुटबॉलकडे तेवढे लक्ष कोणाचे नव्हते, म्हणून तेवढी टीकाही झाली नाही. परंतु तत्त्व तेच होते. कारखान्याचा हजेरीपट हा क्रीडासंघाच्या भरतीचा मार्ग बनला होता.

१९१९च्या उन्हाळ्यात हा संघ स्वीडन आणि डेन्मार्कच्या दौऱ्यावर गेला, आणि युरोपात खेळणारा तो पहिला अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल संघ ठरला. त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी देशभरातील पोलाद कामगारांचा मोठा संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस आणि संघटनेला मान्यता या त्याच्या मुख्य मागण्या होत्या, आणि तो पुढच्या जानेवारीत मोडून पडला. कंपनीच्या नावाने परदेशात टाळ्या मिळवणारा संघ आणि कंपनीच्या फाटकाबाहेर उभा असलेला कामगार यांच्यातील अंतर त्या एका वर्षात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसले असेल.

या अंतराचा विचार थोडा सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण क्लबच्या दुर्बलतेचे मूळ तेथे आहे. मैदानावर उतरणारे अकरा जण बहुतांशी स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून आलेले होते. सेंट लुइसमध्ये जन्मलेल्या हॅरी रॅटिकनसारखे अमेरिकी खेळाडू अपवादानेच आढळत. याउलट भट्टीवरची जड, धोक्याची कामे करणाऱ्यांत हंगेरियन, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, पोलिश माणसांचा मोठा भरणा होता, आणि १९२३ मध्ये कंपनीने टेक्सासहून शेकडो मेक्सिकन मजूर आणले. या लोकांना फुटबॉल परका नव्हता, कारण मध्य युरोपात हा खेळ तेव्हा झपाट्याने लोकप्रिय होत होता. पण कंपनीचा संघ त्यांच्यातून घडला नव्हता, त्यांच्या वस्त्यांतील मंडळांशी त्याचे नाते नव्हते, आणि त्यांच्या मुलांना त्या संघात पोहोचण्याची वाटही आखलेली नव्हती. तयार खेळाडू विकत आणता येत असेल, तर गावातील पोरांना शिकवण्याची तसदी कोण घेणार?

प्रेक्षकांच्या बाबतीत आणखी एक अडथळा होता आणि तो कायद्याचा होता. पेनसिल्व्हेनियात रविवारी तिकीट लावून खेळ करण्यास १९३३ पर्यंत बंदी होती. रविवार हा उपासनेचा दिवस असल्याने त्या दिवशी करमणूक आणि व्यापार नको, अशा धारणेतून आलेल्या जुन्या कायद्यांचा तो भाग होता. सामना शनिवारी, आणि शनिवारी कारखाना सुरू. म्हणजे ज्यांच्यासाठी हा संघ असल्याचे सांगितले जाई, त्यांतील बरेच जण सामन्याच्या वेळी भट्टीसमोर उभे असत. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात राष्ट्रीय विजेत्या संघाच्या सामन्यांना जमणारी गर्दी त्यामुळे तुटपुंजी राही. हाच संघ बाहेरगावी गेला की तेथील मैदाने भरत. १९१६ चा अंतिम सामना रोड आयलंडमधील पॉटकेट येथे झाला तेव्हा बेथलेहेमने पेनल्टीवर केलेल्या एकमेव गोलाने सामना जिंकताच फॉल रिव्हरचे संतप्त समर्थक मैदानात घुसले आणि दंगल उसळली. दंगल ही काही गौरवाची गोष्ट नव्हे, पण तिच्यावरून एक गोष्ट कळते: फॉल रिव्हरच्या गिरणी कामगारांना तो संघ आपला वाटत होता. बेथलेहेममध्ये पराभवानंतर दंगल होण्याची भीती कोणालाही वाटली नसती.

फॉल रिव्हरचे उदाहरण येथेच पुढे नेणे योग्य ठरेल. त्या गावात १९२२ मध्ये सॅम मार्क या व्यावसायिकाने मार्क्समेन नावाचा क्लब चालवायला घेतला, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील रविवारच्या निर्बंधांची अडचण त्याच्याही समोर होती. त्याने ती अशी सोडवली की गावाची हद्द जेथे संपते आणि रोड आयलंड राज्य सुरू होते, त्या सीमेपलीकडे टिव्हर्टन येथे स्वतःचे मैदान बांधले. लँकेशायरहून आलेले विणकर, पोर्तुगीज आणि फ्रेंच-कॅनेडियन गिरणी कामगार रविवारी सीमा ओलांडून सामना पाहायला जाऊ लागले. मार्क हा काही समाजसेवक नव्हता. तिकिटे विकली गेली नाहीत तर आपण बुडू, एवढे त्याला ठाऊक होते, आणि त्या भीतीने त्याला प्रेक्षकांच्या सवडीचा विचार करायला लावले. बेथलेहेमच्या व्यवस्थापकांना ती भीतीच नव्हती. तूट आली तर कंपनी भरून देई.

ही सुरक्षितता किती घातक होती, हे १९२१ मध्ये दिसून आले. त्या वर्षी ईशान्येकडील प्रमुख संघांनी एकत्र येऊन अमेरिकन सॉकर लीग स्थापन केली. बाद फेरीऐवजी सर्वांनी सर्वांशी ठरावीक वेळापत्रकानुसार खेळावे आणि त्यातून नियमित उत्पन्न मिळावे, हा लीगचा हेतू असल्याने मोठ्या शहरांतील संघांना तिच्यात महत्त्व होते. म्हणून बेथलेहेमचा संघ जवळजवळ जसाच्या तसा उचलून फिलाडेल्फियाला नेण्यात आला, फिलाडेल्फिया फील्ड क्लब या नावाने तो खेळला आणि लीगचे पहिलेच विजेतेपद त्याने पटकावले. प्रेक्षक मात्र अपेक्षेइतके मिळाले नाहीत, आणि पुढच्याच हंगामात संघ पुन्हा बेथलेहेमला, पुन्हा कंपनीच्या नावाखाली परतला.

नेमक्या याच काळात अमेरिकी फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या त्या देशातील वेगळ्या खेळाच्या, दोन कारखानदारी संघांचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. इलिनॉयमधील डिकेटर या गावी मक्यापासून स्टार्च बनवणाऱ्या ए. ई. स्टेली यांच्या कंपनीने १९२० मध्ये जॉर्ज हॅलस याला नोकरीवर घेऊन संघ बांधला. खेळाडू कारखान्यात काम करत आणि कामाच्या वेळेत सराव करत, म्हणजे बेथलेहेमचाच नमुना. १९२१ च्या मंदीत हा खर्च परवडेना, तेव्हा स्टेली यांनी हॅलसला पाच हजार डॉलर दिले, एक हंगामभर कंपनीचे नाव चालवण्याची अट घातली आणि संघ शिकागोला न्यायला सांगितले. तोच संघ १९२२ पासून शिकागो बेअर्स झाला. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या, बेथलेहेमहूनही लहान शहरात १९१९ मध्ये एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशासाठी पैसे दिल्याने पॅकर्स हे नाव पडलेला संघ अशाच संकटात आला, तेव्हा १९२३ मध्ये तेथील नागरिकांना प्रत्येकी पाच डॉलरचे समभाग विकून नफा न वाटणारी संस्था उभारण्यात आली. दोन्ही संघ आज शंभरी ओलांडून उभे आहेत. एकाला कंपनीने दूर लोटले, दुसऱ्याला गावाने दत्तक घेतले. बेथलेहेमच्या संघाच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही, कारण कंपनीची तिजोरी भरलेली होती आणि तिला संघ सोडून देण्याची गरज पडली नाही. फिलाडेल्फियातील तोट्याचा एक हंगाम सोसून, तेथे तिकीटविक्रीवर जगण्याची धडपड करणे हा मार्ग कष्टाचा होता. माघारी येणे सोपे होते. खेळांची प्रकृती वेगळी असल्याने ही तुलना पूर्णपणे जुळत नाही, पण मालकीच्या प्रश्नापुरती ती पुरेशी जुळते.

पुढील पाच वर्षे क्रीडादृष्ट्या वैभवाची होती. १९२३-२४ च्या हंगामात ॲलेक्स जॅक्सन हा किशोरवयीन स्कॉटिश खेळाडू आपल्या भावासह बेथलेहेमकडून खेळला आणि मग मायदेशी परतला. मार्च १९२८ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडचा ५-१ असा धुव्वा उडवणाऱ्या स्कॉटलंडच्या प्रसिद्ध संघात तीन गोल त्याचे होते. १९२४ मध्ये आला आर्ची स्टार्क. ग्लासगोत जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत स्थायिक झालेला हा मध्यआघाडीचा खेळाडू १९२४-२५ च्या लीगमध्ये ६७ गोल करून गेला. गंमत अशी की एवढे गोल होऊनही त्या वर्षीचे लीग विजेतेपद बेथलेहेमला मिळाले नाही. ते फॉल रिव्हरने नेले. राष्ट्रीय चषक १९२६ मध्ये, सेंट लुइसच्या बेन मिलर संघाला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर ७-२ असे हरवून, पाचव्यांदा आला, आणि १९२६-२७ मध्ये लीगही जिंकली गेली. इंग्लंडमध्ये त्या वेळी खेळाडूच्या आठवड्याच्या वेतनावर आठ पौंडांची कमाल मर्यादा होती, त्यामुळे कारखान्याचा पगार आणि खेळाचे पैसे असे दुहेरी उत्पन्न देणारी अमेरिका ब्रिटिश खेळाडूंना खुणावत होती. करार मोडून जाणाऱ्या खेळाडूंबद्दल युरोपीय संघटनांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फिफा या जागतिक महासंघाला १९२७ च्या हेलसिंकी अधिवेशनात त्यांची दखल घ्यावी लागली. ज्या देशात या खेळाला भवितव्य नव्हते असे आज समजले जाते, त्या देशाची भीती तेव्हा स्कॉटिश क्लबांना वाटत होती.

याच भरभराटीतून कलह उद्भवला. हंगामाच्या मध्यात येणाऱ्या राष्ट्रीय चषकाच्या बाद फेऱ्यांमुळे लीगचे वेळापत्रक कोलमडते आणि उत्पन्न बुडते, अशी लीगच्या मालकांची तक्रार होती. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या संघांना चषकात भाग न घेण्याचा आदेश दिला. बेथलेहेम, न्यूयॉर्क जायंट्स आणि न्यूअर्क या तीन संघांनी तो मोडला, लीगने त्यांच्यावर कारवाई केली, राष्ट्रीय संघटनेने उलट लीगलाच बेकायदा ठरवले आणि बाहेर पडलेल्या संघांसाठी ईस्टर्न सॉकर लीग नावाची प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. हे भांडण अमेरिकेतील फुटबॉलच्या इतिहासात सॉकर युद्ध म्हणून ओळखले जाते. बेथलेहेमने घेतलेली बाजू वरवर पाहता तत्त्वाची, राष्ट्रीय संघटनेशी निष्ठेची होती, आणि तसे तिचे कौतुकही करता येते. पण तिची दुसरी बाजूही आहे. दारावर जमणाऱ्या पैशांवर जगणाऱ्या क्लबला लीगचे नियमित सामने हाच श्वास असतो. ज्याला तो श्वास कंपनीकडून पुरवला जातो, त्याला तत्त्वनिष्ठा स्वस्तात परवडते. नव्या लीगमध्ये बेथलेहेम अव्वल ठरला खरा, पण फॉल रिव्हरसारखे गर्दी खेचणारे प्रतिस्पर्धी पलीकडच्या लीगमध्ये राहिल्याने त्या विजेतेपदाला फारसे प्रेक्षक उरले नाहीत. १९२९ च्या शरद ऋतूत समेट झाला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

एप्रिल १९३० मध्ये क्लब बंद करण्यात आला. महामंदीने त्याचा बळी घेतला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते, आणि कालक्रम पाहता ते सयुक्तिकही वाटते. त्याच वर्षी दुसऱ्या एका पोलाद कंपनीशी विलीनीकरणाबाबत चाललेल्या न्यायालयीन वादात मात्र अशी माहिती बाहेर आली की बेथलेहेम स्टीलचे अध्यक्ष यूजीन ग्रेस यांना १९२९ या एका वर्षासाठी १६ लाख डॉलरहून अधिक बोनस मिळाला होता. फुटबॉल क्लबचा वार्षिक खर्च त्या रकमेच्या किती लहान हिश्श्यात भागला असता, हे सांगण्यासाठी हिशेबनीस लागत नाही. १९३० च्या वसंतात कंपनीकडे पैसा नव्हता, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. क्लबची गरज उरली नव्हती, असे म्हणणे अधिक नेमके आहे. १९१८ पासून कंपनीने स्वतःच्या नियंत्रणाखालील कामगार प्रतिनिधी मंडळ चालू केले होते, १९१९ चा संप मोडला गेला होता, बाहेरच्या संघटनांना कारखान्यात शिरकाव नव्हता. कामगारांना खूश ठेवण्याच्या साधनांपैकी जे पाहायला स्टेडियममध्ये माणसेच येत नव्हती, ते साधन सर्वांत आधी वगळले गेले. वगळण्याचा निर्णय घेण्यासाठी सभासदांची सभा बोलवावी लागली नाही, कारण क्लबला सभासदच नव्हते.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येतो. मालकीची रचना निर्णायक असेल, तर प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानाचा धनी असलेला फॉल रिव्हर मार्क्समेनही १९३१ मध्ये गावातून का गेला? त्याचे उत्तर गिरण्यांत आहे. न्यू इंग्लंडचा कापड उद्योग दक्षिणेकडे सरकत होता, फॉल रिव्हर शहराचेच दिवाळे निघाले आणि १९३१ मध्ये त्याचा आर्थिक कारभार राज्याने नेमलेल्या मंडळाच्या हाती गेला. ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते, ते सीमा ओलांडून कोठून जाणार? मार्कने संघ न्यूयॉर्कला हलवला. म्हणजे लोकाश्रय हीसुद्धा अमरत्वाची हमी नव्हे, आणि तसा दावा येथे नाही. फरक असा की फॉल रिव्हर गरीब झाले म्हणून तेथील क्लब गेला, तर बेथलेहेमचा क्लब मालक श्रीमंत असतानाच संपला. न्यू जर्सीतील स्कॉटिश स्थलांतरितांनी १८९५ मध्ये स्थापन केलेला कर्नी स्कॉट्स हा क्लब मात्र मंदीत तगून १९३७ ते १९४१ अशी सलग पाच वर्षे पुनर्रचित अमेरिकन सॉकर लीगचा विजेता राहिला. त्याच्यामागे कोणतीही पोलाद कंपनी नव्हती, एक समाज होता.

विसर्जनानंतर तीनच महिन्यांनी मॉन्टेव्हिडिओ येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि तीत अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. त्या संघाचे प्रशिक्षक रॉबर्ट मिलर हे बेथलेहेमचे जुने खेळाडू होते. आर्ची स्टार्कलाही त्या संघात बोलावणे आले होते, पण मोटारदुरुस्तीचा व्यवसाय सुरू करायचा असल्याने त्याने ते नाकारले. निमव्यावसायिकतेचे वास्तव यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही: देशातील सर्वोत्तम गोलकर्त्याच्या दृष्टीने विश्वचषकापेक्षा गॅरेज हा अधिक भरवशाचा पर्याय होता, आणि क्लबचे जे झाले ते पाहता त्याचा हिशेब चुकला असेही म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला हा सारा व्यवहार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. मुंबईचा फुटबॉल अनेक दशके मफतलाल, टाटा, महिंद्र यांसारखे उद्योगसमूह आणि रेल्वे, एअर इंडिया यांसारख्या सार्वजनिक संस्था यांच्या नोकऱ्यांवर पोसला गेला, आणि खेळाच्या जोरावर मिळालेल्या त्या नोकऱ्यांनी कित्येक घरे उभी केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा आणि ड्युरँड चषक तीनदा मिळवणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने विसर्जित झाला, तेव्हा कुपरेज मैदानावर त्याला पाहायला येणाऱ्यांना त्या निर्णयात स्थान नव्हते. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या संघांना क्लब म्हणून आवश्यक त्या अटी पूर्ण न केल्यामुळे आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून वगळण्यात आले. ते वगळणे कठोर होते, तरी त्यामागील निरीक्षण अचूक होते, की हे संघ संस्थांच्या खात्यांसारखे चालत होते, क्लबांसारखे नव्हे. गोव्यात चित्र थोडे निराळे आहे. धेंपो आणि साळगांवकर हे संघही खाणउद्योगातील घराण्यांचेच, परंतु तेथे गावोगावच्या मैदानांतून आणि चर्चच्या आवारांतून येणारा खेळाडू आणि प्रेक्षक मुबलक होता. २०१६ मध्ये दोघांनीही राष्ट्रीय महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ आय-लीग सोडली, तरी गोव्यातील फुटबॉल थांबला नाही, आणि धेंपो काही वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत परतला. मालक उद्योगपती असणे हा दोष नाही. मालकाशिवाय दुसरे कोणीच नसणे हा आहे.

बेथलेहेममधील पोलादाची निर्मिती १९९५ मध्ये थांबली, कंपनीने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि २००३ मध्ये ती अस्तित्वातून गेली. तिच्या जागेवर आज जुगारगृह आहे, आणि तिने बांधलेले स्टील फील्ड मोरेव्हियन विद्यापीठाकडे आहे. २०१५ मध्ये फिलाडेल्फिया युनियन या व्यावसायिक क्लबने आपल्या दुय्यम संघासाठी बेथलेहेम स्टील हे जुने नाव उचलले आणि सामने बेथलेहेममधील लिहाय विद्यापीठाच्या मैदानावर ठेवले. त्या मैदानावर प्रकाशझोत नसल्याने लीगच्या नियमांत ते बसेना, म्हणून २०१९ मध्ये संघ चेस्टर येथे हलवण्यात आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याचे नाव बदलून फिलाडेल्फिया युनियन दोन असे ठेवण्यात आले. दुसऱ्या खेपेला हे नाव पाच वर्षेही टिकले नाही.